जुनी घरे आणि नवे भाडेकरू

जून उजाडला की बेळगावात खोल्यांचा शोध सुरू होतो. १९६३ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तर फार पूर्वीपासून आहेच. विद्यार्थी, परिचारिका, जवानांची कुटुंबे या साऱ्यांना राहावयास घर हवे असते. दुसरीकडे शहापूर, खडेबाजार, अनंतशयन गल्ली येथील कित्येक कौलारू घरांचे वारस पुण्या-मुंबईस वा आमच्या गोव्यात स्थायिक झालेले आहेत. चार भावांच्या सह्या एके ठिकाणी होत नाहीत म्हणून घर विकले जात नाही, आणि कुलूप घालून ठेवावे तर वाळवी वाट पाहत नाही. तेव्हा घराची डागडुजी करून ते दीर्घ मुदतीने भाड्याने द्यावे, हा विचार शहाणपणाचाच आहे. राबत्या घराला आयुष्य अधिक.

आमचा आक्षेप आहे तो डागडुजीच्या रीतीवर. मालक चार दिवसांच्या रजेवर येतो, जमिनीवर चकचकीत फरश्या बसवितो, मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देतो, वाशांखाली पांढरे छत ठोकतो आणि भाडे वाढवून परत जातो. मातीची भिंत चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर टाकीत असते. सिमेंटच्या कवचाखाली तीच ओल कोंडते आणि भिंत बुडातून पोकळ होते. पांढऱ्या छतामुळे फुटके कौल व कुजलेला वासा ही दोन्ही दृष्टिआड होतात, एवढाच त्याचा उपयोग. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव शहरात व जिल्ह्यात मातीच्या भिंतींची अनेक घरे पडली. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेल्या जुन्या घराची भिंत कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. भिंत मालक आणि भाडेकरू असा भेद करीत नाही.

भाड्याने देण्याजोगे घर निवडावयाचे तर ते चैत्रात नव्हे, आषाढात पाहावे. तळखड्यावरील खांबाचे बूड टोचून पाहावे, आढे वाकले आहे काय ते पाहावे, शेजाऱ्याच्या पन्हाळीचे पाणी आपल्या भिंतीत उतरत नाही ना, याची खात्री करावी. भिंत सामाईक असेल तर तिचा खर्च कोणाच्या माथी, हेही आधीच ठरलेले बरे. पैसा प्रथम छपरावर, मग गटारावर व भिंतींच्या पायथ्यावर, त्यानंतर विजेच्या तारांवर खर्च व्हावा. लाकडी पट्ट्यांवरील पन्नास वर्षांच्या तारांवर गीझर चालविणे हा जिवाशी खेळ आहे. न्हाणीघर व शौचकूप माजघराच्या मातीच्या भिंतीला टेकवू नयेत, परसात वेगळ्या पायावर बांधावेत. फरशीचा विचार सर्वांत शेवटी.

निपाणीची गोष्ट थोडी निराळी. त्या तंबाखूच्या पेठेत भाड्याची खोली ही पुष्कळदा राहण्याचीच नव्हे, तर विड्या वळण्याचीही जागा असते. तेथे रंगाआधी समोरासमोरच्या दोन खिडक्या हव्यात.

मुदतीचा प्रश्न याहून अवघड आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून जो तो अकरा महिन्यांचा कागद करतो. एकदा शिरलेले कूळ निघत नाही, ही मालकांची भीती १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या काळातली आहे; कर्नाटकात त्याची जागा १९९९ च्या कायद्याने केव्हाच घेतली. अकरा महिन्यांचा भाडेकरू गळक्या छपराविषयी तोंड उघडीत नाही, कारण पुढचा कागद व्हावयाचा असतो. आणि परगावच्या मालकास गळती कळते ती वासा मोडल्यावर. त्यापेक्षा तीन वा पाच वर्षांचा नोंदलेला करार करावा, दरवर्षी रोहिणी नक्षत्रापूर्वी घर शाकारण्याचे काम कोणाचे व खर्च कोणाचा हे त्यात लिहावे, आणि अनामत म्हणून घेतलेल्या रकमेतून पहिली शाकारणी भाडेकरूचे सामान आत येण्यापूर्वी उरकावी.