तंबूतल्या पडद्यामागे

माहितीपट म्हटलं की आमच्या पिढीला आधी जांभई येते. दोष फिल्म्स डिव्हिजनचा. १९४८ साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचे वृत्तपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं, आणि तेवढ्या वेळात बाहेर जाऊन पान-विडी उरकणं हा प्रेक्षकांचा रिवाज होता. धरणाचे दरवाजे उघडायचे, मंत्री फीत कापायचे आणि मागून एक घनगंभीर आवाज देशाची प्रगती ऐकवायचा. (याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्रींनी १९६७ मध्ये ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या पोरापोरींना त्यांनी मोकळं बोलू दिलं. तो लागला तेव्हाही निम्मं थिएटर बाहेरच असणार!)

आवडता माहितीपट कोणता, असं विचारलं तर मी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’चं नाव घेतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. कानला पोचलेला विषय कुठला, तर आपल्या जत्रांमधली टुरिंग टॉकीज. मांढरदेवची काळूबाई, बावधनचं बगाड, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा बघत मोठं झालेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं? जत्रा म्हणजे देव, कुस्त्या, तमाशा, पाळणे आणि कनातीच्या आतला सिनेमा.

यात तीन माणसं आहेत. तंबूचा धंदा सांभाळणारा मोहम्मद, जुनाट ट्रक आणि कुरकुरणारा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरणारे बापू, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवलेले प्रकाश. डिजिटल आलं, रिळं गेली, एवढीच गोष्ट. पण तिच्यात हळहळ विकायला काढलेली नाही. प्रकाश स्वतःच्या डोक्यानं घडवलेलं यंत्र दाखवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिलटकरणीचं कौतुक असतं, आणि आपल्याला कळत असतं की आता हे यंत्र कुणालाच नको आहे. त्यांना ते कळत नाही असं थोडंच आहे? असा माणूस वाईत, कराडात, मिरजेत कुठल्याही पेठेत भेटतो. कधी तो रेडिओ खोलून बसलेला असतो, कधी टाइपरायटर. कथापटात त्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, तीही विनोदाची.

माझ्या मते माहितीपट भिडतो तो त्यामागच्या मुक्कामामुळे. कॅमेरा इतका काळ जवळ राहिला पाहिजे की समोरच्यानं त्याची दखल घेणं सोडावं. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ला चौदा वर्षं लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. याच घोगरेंचं गाणं पटवर्धनांनी १९८५ च्या ‘बॉम्बे: अवर सिटी’त टिपलं होतं. ओळखीचा माणूस गेला म्हणून जो शोध सुरू होतो, त्यात बातमीदाराची घाई नसते. पटवर्धन आपली बाजू लपवत नाहीत, ती काहींना खटकते. मला ती लपवाछपवीपेक्षा परवडते. त्यांच्या ‘विवेक’मध्ये आपल्या साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर आहेत. ते भाग बघताना सातारकर प्रेक्षक तटस्थ राहील, ही अपेक्षाच चुकीची.

फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) मात्र हसवत हसवत तितकाच भिडतो. यंत्रमागावर राबणारा शफीक तिथल्या हौशी सिनेमात सुपरमॅन होतो, सायकलीवर कॅमेरा बसवून ट्रॉली होते. पुढं शफीक कर्करोगानं गेला हे ठाऊक असूनही आपण हसतो, आणि हसल्याचं वाईट वाटत नाही.

तसा हा माहितीपटाचा धंदा आपल्याकडचाच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा लावला, तो एका कुस्तीसमोर. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची ती कुस्ती. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून चौदा वर्षं होती.

आणि आमची वाई? इथं कॅमेऱ्याची नवलाई कधीच संपली. ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातल्या चरणपूरचा झाला, ‘गंगाजल’मध्ये आमचं गाव बिहार झालं, ‘दबंग’मध्ये लालगंज. कृष्णेनं गंगेचं काम बिनतक्रार केलं. फक्त वाईनं वाईचंच काम केलंय असा माहितीपट माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याला सामग्री उदंड आहे. गर्दीत उभं राहिलेल्यांना रोज किती मिळाला, दुकानांवर चढलेल्या हिंदी पाट्या शूटिंगनंतर कुणी उतरवल्या, घाटावर रोज धुणं धुणाऱ्या बायांना त्या दिवशी कुठं पाठवलं, हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. करणाऱ्यानं मात्र दोन-चार वर्षांच्या बोलीवर यावं. आठवड्यात आटोपणारी शूटिंगं आम्ही रग्गड पाहिली आहेत.