जुन्या खेळावरची भावाची चिठ्ठी



दिवाळीच्या साफसफाईत आमच्या अंबडच्या घरी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला. दादाजींच्या दुकानात वह्या-पाट्यांसोबत खेळणी असत आणि नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळावयाच्या गेमच्या कॅसेटही असत. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला त्या काळी आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांत बसणाऱ्या या कॅसेट. न विकलेल्या सहा डब्यात उरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या चित्रावर आमच्याच दुकानाची भावाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या अशा वस्तूंचा संग्रह करतो. त्याने हर्षाने पहिली कॅसेट उचलली आणि नखाने चिठ्ठी ओढली. चिठ्ठीसोबत चित्रातील शिपायाचे अर्धे तोंडही आले. खाली पांढरा कागद उरला. संग्राहकाच्या दृष्टीने कॅसेटचे मोल बव्हंशी त्या चित्राच्या लेबलातच असते. तो काही बोलला नाही. मलाच अपराधी वाटले. आयुष्यभर आपण मालावर चिठ्ठ्या लावीत आलो. त्या निघतील कशा, हा विचार आपल्याला कधी शिवतो का?

उरलेल्या पाच मात्र आम्ही घाई न करता हाताळल्या. केस वाळविण्याचे यंत्र मंद आचेवर, वीतभर अंतरावरून, वीस-पंचवीस सेकंद फिरविले की चिठ्ठीचा डिंक मऊ होतो. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने एक कोपरा उचलावा आणि चिठ्ठी वर न खेचता स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी सावकाश मागे न्यावी. अडली की थांबावे, पुन्हा ऊब द्यावी. ऊब अधिक झाली तर मूळ लेबलाचा डिंकही सुटतो व त्यावर फुगे येतात. हे आम्ही चौथ्या कॅसेटवर शिकलो. आजच्या बारकोडच्या चिठ्ठ्या बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात, त्या उबेने काळ्या पडतात. चिठ्ठी जपावयाची असेल तर छायाचित्र आधी घ्यावे.

मागे राहिलेला डिंक स्वच्छ बोटाने हलकेच चोळला की त्याच्या गोळ्या होऊन निघतो. तरीही न निघाल्यास लायटरमध्ये भरावयाचे इंधन कापसाच्या बोळ्याला किंचित लावून आधी एका कोपऱ्यावर पारखावे. ते लवकर उडून जाते व कागद फुगवीत नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून, देवघरातील दिवा व स्वयंपाकघरातील शेगडी यांपासून दूर करावे. पाण्याने कागद फुगतो. नखांचा रंग काढावयाचे द्रव्य शाईही नेते आणि प्लॅस्टिकही. घरोघरी सुचविले जाणारे खोबरेल तेल काचेच्या बरणीवर उत्तम, परंतु कागदावर त्याचा डाग कायमचा राहतो आणि मागाहून मुंग्या येतात, त्यांना झटकण्याचे पाप वेगळेच.

जाता जाता व्यापारी बंधूंना एक स्मरण. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये भाव कमी केल्याची चिठ्ठी लावता येते, परंतु उत्पादकाने छापलेली किंमत तिच्याखाली झाकता येत नाही. चिठ्ठी लावण्याची जागा निवडताना चित्राचाही विचार केला, तर पुढच्या पिढीचे नख वाचेल.

सहाव्या कॅसेटपाशी माझा हात थांबला. इतर चिठ्ठ्यांवर केवळ शिक्क्याचे आकडे होते; हिच्यावर दादाजींच्या अक्षरात, बॉलपेनाने, विक्रीच्या भावाखाली तीन अक्षरे लिहिलेली होती. आपल्या पेढ्यांवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत वाचकांना ठाऊक आहेच: दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द, त्यातील एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. आमचा शब्द मला पाठ आहे. येथे अर्थातच लिहिणार नाही. मी मनाशी हिशेब केला. विक्रीचा भाव खरेदीहून पंधरा रुपयांनी कमी होता. दादाजी घाट्याचा सौदा करणारे नव्हते. ही कॅसेट त्यांनी कोणासाठी तरी काढून ठेवली असावी. तो कोण, आणि तो न्यावयास का आला नाही, हे सांगणारे आता घरात कोणी उरले नाही.

पुतण्या म्हणाला, “काकाजी, ही राहू द्या. चित्र झाकलेलेच बरे.” त्याच्या संग्रहात या कॅसेटचा भाव त्यामुळे उतरेल, हे त्याला माझ्याहून चांगले कळते. ती त्याने मऊ कापडात गुंडाळून उन्हापासून दूर, कपाटात ठेवली आहे. फाटलेल्या शिपायाचा तुकडाही चिठ्ठीसकट जपला आहे.

निघताना त्याने तो दहा अक्षरी शब्द विचारला. मी दाराबाहेर कोणी नाही हे पाहून त्याच्या कानात सांगितला.