करटोलीचा कंद बांधावर यावा

मृगाच्या सरींनी जमीन ओलावली की सह्याद्रीच्या उतारावरील झुडुपांत करटोलीचे वेल चढू लागतात. आषाढ-श्रावणात जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाड, अकोले या भागांतील बाजारांत ठाकर, कातकरी, वारली व महादेव कोळी समाजांतील भगिनी करटोली, कुलूची भाजी, भारंगी यांचे वाटे मांडून बसतात. घरातील कणगी रिकामी होत आलेली असते व नवे पीक अजून पोटरीत यावयाचे असते, नेमक्या त्या दिवसांत रान ही भाजी देते. पूर्वी ती चुलीपुरती आणली जाई. आता शहरातील गिऱ्हाईकही ती आवर्जून मागू लागले आहे. २०२० पासून कृषी विभागाच्या वतीने ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरविण्यात येऊ लागले. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु मागणी वाढली म्हणून रानातील वेल वाढत नाहीत, याचा विचार महोत्सवाच्या मांडवात क्वचितच होताना दिसतो.

सर्वच रानभाज्यांची काळजी करण्याचे कारण नाही. टाकळा, कुर्डू, तांदुळजा या भाज्या दरवर्षी बियांपासून उगवतात व पडीक जागेत आपोआप पसरतात. त्यांना खुडण्याचे भय नाही. भय आहे ते बांधापर्यंत फवारल्या जाणाऱ्या तणनाशकाचे. चिंता आहे ती जमिनीत कंद राखून वर्षानुवर्षे फुटणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींची. कुलूची कोवळी पाने कापून घेतली तर झाड पुन्हा फुटते. घाईने मुळासकट उपटले तर ती जागा कायमची रिकामी होते. शेवळ्यात खाल्ला जातो तो फुलोरा. एका टेकाडावरील सारे फुलोरे दरसाल कापले गेले तर जुने कंद काही काळ तग धरतात, पण बी धरत नाही व नवी रोपे येत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात कंद व मुळे यांचा समावेश केला आहे. हक्क कागदावर आला. आता कंद जमिनीत राहावयास हवा.

यावर खरा उपाय म्हणजे अशा वनस्पतींना बांधावर, परसात व घराच्या कुंपणावर जागा देणे. शेवगा व हादगा परसात पूर्वीच स्थिरावले आहेत. आता करटोलीची पाळी आहे, आणि तिच्यापासून आरंभ करण्यास सबळ कारण आहे. तिला बाजारात नेहमीच्या फळभाज्यांहून चांगला दर मिळतो आणि एकदा लावलेला कंद अनेक वर्षे फुटत राहतो.

असे असताना लागवड का फसते? करटोलीत नर व मादी वेल निरनिराळे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बियांचे कवच कठीण असल्याने उगवण उशिरा व विषम होते. उगवलेला वेल नर की मादी, हे फुले येईपर्यंत कळत नाही. हौसेने बी पेरणाऱ्याच्या मांडवावर नर वेलांचीच गर्दी झाली, तर तो ‘रानातले रानातच बरे’ म्हणून हात झटकतो. याउलट कोणी नर वेल वांझ समजून सारे उपटून टाकतो. मग मादीला फुले येतात, फळ धरत नाही. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल हवाच. म्हणून लागवड बियांपेक्षा ओळख पटलेल्या कंदापासून करणे श्रेयस्कर. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली मऊ काट्यांचे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. नर फुलाखाली ते नसते. ही खूण शाळकरी मुलासही दाखविता येते. कंद सुमारे दोन मीटर अंतरावर, पाणी न साचणाऱ्या जागी, शेणखत घालून पावसाच्या तोंडावर लावावेत व वेलास मांडव किंवा कुंपणाचा आधार द्यावा. फळे हिरवी व कोवळी असतानाच तोडावीत. बी टणक झाले की गिऱ्हाईक तोंड फिरविते.

मात्र बेणे मिळविण्यासाठी रान खणून काढणे म्हणजे रोगाहून औषध भयंकर. आरंभास दहा-बारा कंद पुरेत. पुढील बेणे त्याच बांधावर तयार होते. एकरभर सलग लागवडीचा मोह सध्या तरी टाळावा. ही भाजी टिकली ती रानाच्या मिश्र वस्तीत. तिला एकाएकी नगदी पीक बनविल्यास कीड व खर्च दोन्ही मागे लागतील.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक जबाबदारी ओळखली पाहिजे. रानातले सगळेच खाण्याजोगे नसते. कळलावीचा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. कडूकंद उकडून, वारंवार पाणी बदलून धुतल्यावाचून खाता येत नाही. शेवळे खाजरे, म्हणून जाणत्या बायका त्यात आंबट काकडे घालतात. हे ज्ञान पुस्तकात थोडे व पाड्यावरील म्हाताऱ्यांजवळ अधिक आहे. तेव्हा अनोळखी वनस्पतीचे छायाचित्र दाखवून भाजी ठरविण्यापेक्षा त्या आजींना शिवारफेरीस मानाने बोलवावे आणि त्यांनी दिवसभर दिलेल्या माहितीची मजुरीही द्यावी. सल्ला फुकट घ्यावयाचा व फलकावर दुसऱ्याचे नाव लावावयाचे, हा प्रकार थांबला पाहिजे.

श्रावणात वेल फुलावर असताना प्रत्येक गावात निदान काही मादी वेल व एखादा नर वेल हेरून त्यांच्या बुडाशी वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकाव्यात. थंडीत वेल वाळून जातो व कंद कोठे आहे याचा मागमूस उरत नाही. त्या वेळी ही खुंटीच जागा दाखविते. माघ-फाल्गुनात त्यांतील थोडे कंद काढून सावलीत, कोरड्या मातीत ठेवावेत. बाकीचे जागच्या जागी राहू द्यावेत.