खनिज संपल्यावर काय उरते?

पॅसिफिक महासागरातील नाउरू हे राष्ट्र अवघे २१ चौरस किलोमीटरचे. १९६८ साली ते स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्या भूमीत उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. खतासाठी लागणाऱ्या या खनिजामुळे १९७०च्या दशकात तेथील दरडोई उत्पन्न जगातील सर्वाधिक उत्पन्नांपैकी एक बनले. साठा एक दिवस संपणार, याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. म्हणून त्यांनी विश्वस्त निधी उभारला व परदेशात मालमत्ता घेतल्या. १९७७ साली मेलबर्नमध्ये ५२ मजली 'नाउरू हाऊस' उभे राहिले.

परंतु पुढे विमानसेवा, हॉटेले, इतकेच नव्हे तर १९९३ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेली एक अल्पायुषी संगीतिका, अशा तोट्याच्या व्यवहारांत पैसा मुरत गेला. कर्जाचा डोंगर वाढला. अखेर २००४ साली धनकोंच्या तगाद्यापायी ती इमारतही विकली गेली. मागे उरला तो खाणींनी उजाड केलेला बेटाचा मध्यभाग.

नॉर्वेला १९६९ साली उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे तेलाचा मोठा साठा सापडला. १९९० साली निधीचा कायदा झाला आणि १९९६ साली पहिली रक्कम जमा झाली. हा निधीही परदेशातच गुंतविला जातो, कारण एवढा पैसा देशात ओतल्यास महागाई वाढून इतर उद्योग मोडकळीस येतात. आज त्याचे मूल्य दीड लाख कोटी डॉलरपेक्षा अधिक आहे.

दोघांनीही बचत केली, दोघांनीही परदेशात गुंतवणूक केली. मग फरक कोठे पडला? फरक पडला तो हिशेबात. निधीच्या अपेक्षित उत्पन्नाइतकाच, म्हणजे सुमारे ३ टक्के (२०१७ पूर्वी ४ टक्के), खर्च करावा, असे नॉर्वेचे धोरण आहे. कोणत्या कंपनीत किती पैसा आहे, हे कोणाही नागरिकाला पाहता येते. नाउरूत असा जाब विचारणारी व्यवस्था दुबळी राहिली. कर भरणारा नागरिक हिशेब मागतो. जमिनीतून आयता आलेला पैसा मात्र प्रश्न विचारत नाही. म्हणूनच तो उत्पादक कामाऐवजी सत्ताधाऱ्यांच्या हौसेकडे सहज वळतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. हे स्वागतार्हच होय. तथापि निधी स्थापन होणे ही केवळ सुरुवात आहे, हा नाउरूचा धडा आहे. खनिज एकदाच निघते. त्याचा हिशेब मात्र दरवर्षी मागावा लागतो. तो मागण्याचे कर्तव्य आपले आहे, कारण ज्यांच्यासाठी तो पैसा राखायचा, त्यांपैकी अनेकांचा अजून जन्मही झालेला नाही.