पाटीवरील खालची ओळ

जुन्या मोटारी व सायकली जमविणाऱ्यांचा छंद आता सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या वाहनांच्या विक्रेत्यांच्या पाट्या, दरपत्रके, पावत्या आणि बिल्ले जमविणारांचाही एक पंथ आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील हर्शी या गावी दर ऑक्टोबरात अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा मोठा बाजार भरतो. मुंबईचा चोरबाजार तर सर्वश्रुतच आहे. आमची धाव मात्र बेताची! सुट्टीत गोव्यास गेलो म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि एरवी बेळगावातील भंगाराची दुकाने, एवढेच आमचे क्षेत्र.

पुष्कळ पालक या छंदास रिकामपणाचा उद्योग म्हणतात. आमचे मत तसे नाही. परंतु छंद करावा कसा, हे आम्हांस एका चुकीने शिकविले.

काही वर्षांपूर्वी भंगाराच्या ढिगात आम्हांस एका जुन्या सायकलच्या दुकानाची पत्र्याची पाटी सापडली. वर नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे नाव ठसठशीत होते. खाली, गंजाआड, येथील विक्रेत्याच्या नावाची एक बारीक ओळ होती. वजनावर पाटी घेतली. मोठा सौदा साधला, या आनंदात ती कोठून आली, हे विचारण्याचेही भान राहिले नाही. घरी येऊन ती राखेने खसाखसा घासली. गंज गेला, पण त्याबरोबर खालची ओळही गेली! रॅलेचे नाव जगभर हजारो पाट्यांवर असेल. आमच्या गावच्या त्या दुकानदाराचे नाव कदाचित त्या एकाच पाटीवर होते. ते आम्ही स्वहस्ते पुसले.

या खालच्या ओळीचे मोल किती असते पाहा. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानापासून मानली जाते. म्हणजे तेही आरंभी खालच्या ओळीतलेच गृहस्थ, परक्यांच्या मालाचे विक्रेते! पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे नाव इतिहासात राहिले. पण त्यांच्याप्रमाणेच धडपडलेल्या, यश मात्र न लाभलेल्या कित्येकांची साक्ष एखाद्या पावतीवरच उरलेली असते. ज्या वस्तू नित्याच्या, त्याच बेसावधपणे नाहीशा होतात. मुंबईच्या रस्त्यांवर पावलोपावली दिसणाऱ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

म्हणून विद्यार्थी मित्रांस आमचे सांगणे असे : वस्तू घेताना भाव करण्याआधी तिची हकीकत विचारा. ती कोणाची, कोणत्या गावची, कोणाकडून मिळाली, हे तारखेनिशी वहीत नोंदवा. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. चकाकीचा मोह धरू नका. हल्ली नव्या पाट्यांना मुद्दाम गंज चढवून त्या जुन्या म्हणून विकतात. तेथेही हकीकत विचारणाराच सावध राहतो. आणि विकणारास वस्तूचे मोल ठाऊक नसेल, तर त्याच्या अज्ञानावर आपला आनंद उभारू नका. त्यास खरे काय ते सांगा. मग एखादी वस्तू हातची गेली तरी चालेल. तिची हकीकत तरी पदरात पडेल.

पालकांसही एक विनंती आहे. दिवाळीच्या झाडलोटीत आजोबांच्या सायकलची पावती अथवा मोटारीचे दरपत्रक हाती लागले, तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावे. त्यावर मराठी, कानडी वा इंग्रजी, कोणत्याही लिपीत का होईना, आपल्याच गावच्या कोणा माणसाचे नाव असेल.

आमची ती घासलेली पाटी आजही भिंतीवर आहे. पाहुणे तिची चकाकी वाखाणतात. आमची नजर मात्र खालच्या कोऱ्या पत्र्यावर जाते.