आवाज कुठे अडला?

जुन्या संगणकावर उबुंटू टाकली, पडदा उजळला, इंटरनेट सुरू झाले, मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरे नीट दिसू लागली. फक्त आवाज येत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याच्या आसपासच्या घरांतून हा प्रश्न अलीकडे आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे. विचारणाऱ्यांचे शेवटचे वाक्यही बहुधा ठरलेले असते: "दुकानवाले म्हणतात, साउंड कार्ड गेले, आता मशीनच बदला." आमचे सांगणे एवढेच की पैसे मोजण्याआधी अर्धा तास द्या. मुक्त प्रणालीवर आवाज गेला म्हणजे यंत्र बिघडले असे क्वचितच असते. बहुतेक वेळा आवाज तयार होत असतो, पण भलत्याच वाटेने निघून जातो.

हा प्रश्न आताच का वाढला, तेही समजून घेऊ. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला जे हार्डवेअर लागते ते सात-आठ वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपांत नाही. मग घरापुढे तीन वाटा उरतात: नवे मशीन घ्यायचे, चोरीची प्रत टाकून घ्यायची, किंवा लिनक्सवर चालणारी मुक्त प्रणाली बसवायची. पहिली वाट प्रत्येकाला परवडत नाही. दुसरी वाट वाचकांना आम्ही सांगणार नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारून मुलांना इल्म शिकवण्यात बरकत ती कसली? तिसरी वाट फुकट आहे आणि हलालही. केरळच्या सरकारी शाळांत संगणकाचे शिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच चालते. तेव्हा ही काही कामचलाऊ सोय नव्हे.

मात्र ज्या घरात एकच संगणक आहे, तिथे तो मुका राहिला तर नुकसान खरे असते. शिकवणाऱ्याच्या नात्याने आम्हाला ते रोज दिसते. काफ आणि क़ाफ, सीन आणि स्वाद यांतला फरक पुस्तकात बघून कळत नाही, तो कानाने शिकावा लागतो. ऑनलाइन तजवीद शिकणारी मुलगी, इंग्रजीचे उच्चार ऐकणारा दहावीचा मुलगा, फजरनंतर तिलावत ऐकणाऱ्या दादीजान, सगळ्यांचे काम आवाजावर अडते. आणि आठवडाभर आवाज आला नाही की घरात कोणीतरी म्हणतेच, "ते लिनक्स-बिनक्स काढा आणि पूर्वीसारखे करून आणा." म्हणजे पुन्हा तीच चोरीची प्रत.

आवाजाचा मार्ग समजायला कात्रजकरांना दूर जायला नको. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्यातल्या हौदांपर्यंत नेले गेले. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. हौद कोरडा पडला म्हणजे तलाव आटला असे नसते. पाणी कुठपर्यंत पोचले ते टप्प्याटप्प्याने पाहायचे. संगणकातही तसेच चार टप्पे आहेत. पहिला, तुम्ही वापरता तो कार्यक्रम, म्हणजे ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर. दुसरा, आवाज वाटून देणारा सर्व्हर. तिसरा, कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर. चौथा, प्रत्यक्ष कार्ड, वायर आणि स्पीकर. आपण वरून खाली उतरत जाऊ.

पहिला टप्पा. एकाच कार्यक्रमात आवाज नाही की सगळीकडे? ब्राउझरमध्ये येत नसेल तर संगणकात साठवलेली एखादी ध्वनिफीत वाजवून पाहा. ती वाजली तर दोष ब्राउझरपुरता आहे. टॅबवर उजवी क्लिक करून तो म्यूट तर नाही ना, आणि व्हिडिओच्या चौकटीतले स्पीकरचे चिन्ह बंद तर नाही ना, हे पाहा. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतील आवाज बंद करणारी कळही एकदा दाबून बघा. लहान मुले ती सहज दाबून जातात.

दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. सेटिंग्ज उघडा, साउंडमध्ये जा आणि आउटपुट डिव्हाइस या ओळीत कोणते नाव निवडलेले आहे ते वाचा. तिथे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असे दिसले तर आवाज मॉनिटरच्या तारेतून मॉनिटरकडे चालला आहे, आणि त्या मॉनिटरला बहुधा स्पीकरच नसतो. एखाद्या ब्लूटूथ हेडफोनचे नाव दिसले तर आवाज शेजारच्या खोलीत भाईजानच्या उशीखाली वाजत असेल. त्या ओळीतून अॅनालॉग, स्पीकर्स किंवा बिल्ट-इन ऑडिओ निवडा आणि शेजारचे टेस्टचे बटण दाबा. डावा-उजवा स्पीकर बोलू लागला तर काम संपले. त्याच पानावर प्रत्येक कार्यक्रमाच्या आवाजाची वेगळी पट्टीही असते. ती शून्यावर नाही ना, हेही पाहून घ्या.

योग्य नाव यादीतच नसेल तर सॉफ्टवेअर केंद्रातून पल्स-ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचा छोटा कार्यक्रम घ्या. त्यात कॉन्फिगरेशन नावाचे पान आहे. तिथे कार्डापुढे ऑफ असे लिहिलेले असेल तर ते बदलून अॅनालॉग स्टिरिओ करा.

तिसरा टप्पा. यासाठी टर्मिनल उघडावे लागते. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर असे टाइप करून एंटर दाबा. उभ्या पट्ट्यांचा एक पडदा दिसेल. आधी एफ-6 दाबून तुमचे खरे कार्ड निवडा. मग मास्टर, हेडफोन आणि स्पीकर या पट्ट्यांच्या तळाशी पाहा. तिथे एम हे अक्षर दोनदा लिहिलेले असेल तर ती वाट बंद आहे. बाणाच्या कळीने त्या पट्टीवर जा आणि एम कळ दाबा. दोन शून्ये दिसली की वाट उघडली. वरच्या बाणाने पट्टी वाढवा, एस्केप दाबून बाहेर या. याच पडद्यावर ऑटो-म्यूट मोड असेल तर तोही पाहा. हेडफोनच्या छिद्रात धूळ साचली की संगणकाला वाटते हेडफोन लावलेला आहे, आणि तो स्पीकर बंद ठेवतो. हा मोड डिसेबल केल्याने काही लॅपटॉप लगेच बोलू लागतात. छिद्रात हेडफोनची पिन चार-पाच वेळा घालून काढली तरी कधी कधी काम होते.

आता डमी आउटपुटविषयी. आउटपुटच्या ओळीत हे नाव एकटेच दिसले तर सर्व्हरला कोणतेही कार्ड सापडलेले नाही. प्रथम संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर विंडोजमधून बाहेर पडताना फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, कारण त्यामुळे यंत्र खरे बंद होतच नाही. तरीही डमीच दिसत असेल तर टर्मिनलमध्ये ए-पी-एल-ए-वाय, एक जागा, मग आडवी रेघ आणि लहान एल टाइप करा. कार्डांची नावे आली तर ड्रायव्हर जागा आहे, अडचण वरच्या टप्प्यात आहे. एकही कार्ड सापडले नाही असा संदेश आला तर अडचण खालच्या टप्प्यात आहे. अशा वेळी प्रणाली अद्ययावत करा. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपांना साउंड ओपन फर्मवेअर नावाच्या फायली लागतात, त्या अद्ययावत करताना येतात. आवाज आधी होता आणि अद्ययावत केल्यावरच गेला असेल, तर मशीन सुरू होताना अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचे कर्नल निवडून पाहा.

एक सावधगिरी. इंटरनेटवर सापडलेला प्रत्येक उपाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका. लिनक्सच्या आवाजाची व्यवस्था दोनदा बदललेली आहे. अल्सा हा ड्रायव्हरचा थर 2003 मध्ये कर्नलच्या 2.6 आवृत्तीबरोबर आला. त्यावर बरीच वर्षे पल्स-ऑडिओ हा सर्व्हर होता. मग विम टायमन्स यांनी पाइपवायर तयार केले, आणि उबुंटूने ऑक्टोबर 2022 च्या आवृत्तीपासून तेच वापरायला घेतले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा सल्ला आजच्या मशीनला लागू पडेलच असे नाही. "पल्स-ऑडिओ काढून टाका" असे सांगणाऱ्या उपायांनी कधी कधी डेस्कटॉपचे भागही सोबत निघून जातात. एका वेळी एकच बदल करा, आणि केलेला बदल वहीत लिहा.

चौथा टप्पा, म्हणजे यंत्रच बिघडले आहे का, याचा निकाल लावायला दुकानात जायला नको. ज्या पेनड्राइव्हवरून उबुंटू बसवली तोच लावून मशीन सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ट्राय हा पर्याय निवडा. तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. या ताज्या प्रणालीत स्पीकर बोलले तर कार्ड ठणठणीत आहे, दोष तुमच्या बसवलेल्या प्रणालीच्या मांडणीत आहे. इथेही आवाज नसेल तर बाहेरचा हेडफोन लावून पाहा. हेडफोन वाजला आणि स्पीकर नाही, तर फक्त स्पीकर किंवा त्याची वायर गेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही मुके असतील तरी मशीन टाकून देऊ नका. यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड बाजारात मिळते, नव्या लॅपटॉपच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य असते, आणि लिनक्स ते बहुधा कोणताही ड्रायव्हर न मागता ओळखते. चालते यंत्र भंगारात देणे हा इस्राफच आहे.

ज्यांनी अजून मुक्त प्रणाली बसवलेली नाही त्यांनी हीच चाचणी आधी करावी. ट्राय करून आवाज, वाय-फाय, कॅमेरा तिन्ही तपासावे, मगच जुनी प्रणाली पुसावी.

दुकानात जायची वेळ आलीच तर वही सोबत न्या. "आवाज येत नाही" एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीही विकता येते. "पेनड्राइव्हवरूनही आवाज नाही, कार्डांची यादी रिकामी आहे, हेडफोनही मुका आहे" असे सांगणाऱ्याला तसे विकता येत नाही.

आणि ही वही घरातल्या मुलीच्या हाती द्या, असा आमचा आग्रह आहे. अनेक घरांत संगणक बिघडला की भाईजान कामावरून येईपर्यंत तो झाकून ठेवतात, आणि तोवर बहिणीचा तास बुडतो. वरचे चारही टप्पे आठवीतली मुलगी अम्मीला सोबत घेऊन करू शकते. तिला वाचता येते, ओळीने जाता येते. याहून जास्त काही लागत नाही. एकदा तिने स्वतःच्या हाताने आवाज परत आणला की पुढच्या वेळी ती कोणाची वाट पाहणार नाही.

पुढच्या अंकात याच वाटेची उलटी बाजू, म्हणजे तुमचा आवाज उस्तादांपर्यंत पोचवणारा मायक्रोफोन, इन्शाअल्लाह.