तुमचा ब्राउझर जुना आहे म्हणे

कायद्याने उघडं असलेलं दार प्रत्यक्षात बंद कसं असतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला. सरकारी पैशावर चाललेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ठराव पास झाला. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तोही पास झाला. पाणी मात्र कुणालाच मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या कागदांना पाणी लागलं.

आज सरकारचा कुठलाही अर्ज घ्या. सर्वांसाठी खुला, चोवीस तास खुला, ऑफिसला खेटे नाहीत, साहेबाची मिनतवारी नाही. आणि तोच अर्ज घाटकोपर-मुलुंडकडच्या एखाद्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पांढरा पडदा. चाक फिरतंय. नाहीतर इंग्रजीत एक ओळ, की तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. नवा घ्यायला गेलं की तो म्हणतो तुमची विंडोज जुनी आहे. विंडोज नवी घालायला गेलं की ती म्हणते तुमचं मशीनच जुनं आहे. तलाठी म्हणतो तहसीलदाराकडे जा, तहसीलदार म्हणतो तलाठ्याकडे जा, त्यातलीच ही गत. फरक इतकाच की तलाठ्याच्या टेबलावर निदान हात आपटता येतो.

याला आपली शिकलेली मंडळी 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणतात. मी म्हणत नाही. हक्क घेण्याआधी दुकानात जाऊन काहीतरी विकत घ्या असं सरकार सांगत असेल, तर तो हक्कावर लावलेला कर आहे. आणि तो कर कोणाकडून वसूल होतो ते उघड आहे.

आता हे 'जुनं' म्हणजे किती जुनं? विंडोज सात २००९ साली आली. १४ जानेवारी २०२० ला कंपनीने तिच्यावरून हात काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमनेही तिला सोडलं, १०९ नंतरची आवृत्ती तिच्यावर चढत नाही. विंडोज दहाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अकरा घालावी तर ती मशीनमध्ये टीपीएम दोन नावाची सुरक्षेची सोय मागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर नाकारते. मशीन चालू आहे. पंखा फिरतो, की-बोर्डची सगळी बटणं दाबली जातात, मराठी टाइप होतं. तरी ते मेलं असं दूर कुठेतरी बसलेल्या माणसांनी ठरवलं आणि तारीख लावली.

मी गोदीत काम करतो म्हणून ही तारीख लावायची भाषा मला लगेच कळते. तिथली जुनी माणसं सांगतात, १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, पेटीबंद माल पलीकडे वळला आणि इकडे हुक मारून गोणी उचलणारे हात एकाएकी 'जास्तीचे' ठरले. दंडात ताकद होती तशीच होती. माणूस जुना झाला नव्हता, त्याला जुना ठरवला.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, नाहीतर आपला राग आंधळा होईल. जुन्या ब्राउझरला अडवण्यामागे एक खरं कारण आहे. आपलं मशीन आणि सरकारचं मशीन यांच्यामध्ये जो मजकूर जातो तो कुलूप लावून जातो. ही कुलपं जुनी झाली की चोरांना उघडता येतात. म्हणून २०२० मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस एक आणि एक पॉइंट एक ही जुनी कुलपं टाकून दिली. बरोबर केलं. आपला आधार नंबर, आईचं बँक खातं, जातीचा दाखला उघड्या पिशवीतून जावा असं मी म्हणणार नाही.

पण कुलूप वेगळं आणि दाराला लावलेली झुंबरं वेगळी. नाव, गाव, जात, उत्पन्न आणि चार दाखले एवढंच विचारायचं असेल तर साधं पान पुरतं, ते पंधरा वर्षांच्या मशीनवरही पळतं. त्यावर हलणारी चित्रं, मंत्र्यांचे फोटो, सरकत्या जाहिराती आणि दहा ठिकाणांहून खेचलेला कोड कुणासाठी? त्याने अर्ज जास्त सुरक्षित होत नाही, फक्त जड होतो. आणि सुरक्षेची इतकी काळजी असती तर 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशी पाटी सरकारी पानांच्या तळाशी वर्षानुवर्षं राहिली नसती. तो एक्सप्लोरर खुद्द कंपनीनेच १५ जून २०२२ ला निवृत्त केला. म्हणजे सरकारचं जुनं चालतं. आपलं जुनं चालत नाही.

मागे आमच्याकडे एका पोराचा भरतीचा अर्ज राहिला. खात्याचं नाव घेत नाही, त्या एका खात्याचा तो प्रश्नच नाही. शेवटचा दिवस. अभ्यासिकेत एका कंपनीने दान दिलेलं मशीन, त्यावर कंपनीचा स्टिकर अजून चकचकीत. फोटो चढेना, सही चढेना. पोरगं पळत सायबर कॅफेत गेलं, तिथे रांग, तिथे पैसे, आणि रांग सरेपर्यंत बारा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी आमचाच एक पुढारी म्हणाला, "आधीच भरायला काय झालं होतं?" च्यायला, आधी भरायला आधी मशीन लागतं!

आणि त्या दानाबद्दलही बोललं पाहिजे. कंपन्या मशीनं कधी देतात? त्यांची मुदत संपत आली की. स्वतः नवीन घ्यायची, जुनी आपल्याला द्यायची, मुलांना ओळीत उभं करून फोटो काढायचा, अहवालात छापायचा. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढायचं काम आपल्याकडे होतं. बाबासाहेबांनी सांगितलं ते ओढू नका, ते मांस खाऊ नका. आपल्या आज्या-पणज्यांनी उपास काढले पण सोडलं. आज विहाराच्या खोलीत आपण तेच हसत हसत ओढून आणतो आणि वर शाल-श्रीफळ देतो. बरं, ही मशीनं शेवटी जातात कुठे? साकीनाक्याला, कुर्ल्याला, भंगारात. तिथे गरिबांचीच पोरं ती हातोडीने फोडतात, तार जाळून तांबं काढतात, धूर छातीत घेतात. मशीन उघडायला आपले हात चालतात.

'मोबाइल आहे ना सगळ्यांकडे' हे एक उत्तर तयार असतं. मोबाइल पण म्हातारा होतो. १ जानेवारी २०२५ पासून किटकॅट अँड्रॉइडच्या फोनवर व्हॉट्सअॅपसुद्धा बंद झालं. आणि ज्याने बोटभर पडद्यावर उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या आकारात बसवायचा प्रयत्न केलाय, त्यालाच ते उत्तर किती पोकळ आहे ते माहीत.

हे क्षुल्लक वाटत असेल तर शिष्यवृत्तीचं बघा. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हाची. आपल्यातले कितीतरी डॉक्टर, मास्तर, कारकून त्या पैशावर उभे राहिले. आज महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी या पोर्टलवरून जातो. २०१७-१८ ला ही व्यवस्था सुरू होताना पोर्टल अडखळलं, ओरड झाली, आणि शासनाला कागदी अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा. कागद घेता येतो. 'सिस्टिममध्ये बसत नाही' ही थाप आहे.

ओरडल्यावर मिळतं, हे युरोपातही दिसलं. विंडोज दहाची मुदत संपताना मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्षाच्या सुरक्षेला तीस डॉलर सांगितले, नाहीतर आमच्या खात्यात शिरा आणि तुमच्या सेटिंग आमच्याकडे ठेवा, असं. युरोपातल्या ग्राहक संघटना भिडल्या आणि त्यांच्यापुरते ते पैसे माफ झाले. आपल्या इथे कुणी भिडलं नाही.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, अॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या माणसांच्या केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवेपर्यंत पोचणं हा एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. बोल्यांचा ठराव पुन्हा एकदा पास झालाय म्हणा.

म्हणून माझं मागणं आहे. ज्या अर्जावर पोट किंवा शिक्षण अवलंबून आहे तो अर्ज साध्या, हलक्या पानावर मिळाला पाहिजे. प्रत्येक वॉर्डात कागदी अर्ज घेणारी खिडकी उघडी पाहिजे, पोचपावतीसकट. पान बंद पडलं तर मुदत आपोआप वाढली पाहिजे, त्यासाठी मंत्र्याच्या दारात निवेदन न्यायला लागता कामा नये. अभ्यासिकेला मशीन द्यायचं तर सरकारने बजेटमधून नवं द्यावं, कुणाच्या उतरणीतलं नाही.

आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये, एमआयडीसीत आपली पोरं दिवसभर दुसऱ्यांची पानं बांधतात. त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. लिनक्स फुकट मिळतं, आणि विंडोजने टाकलेल्या बऱ्याच मशीनवर नव्या ब्राउझरसकट चालतं. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्या अभ्यासिकेत किती मशीनं आहेत, कोणत्या सालची, आणि कोणता सरकारी अर्ज कुठे अडतो, हे वहीत तारखेसकट लिहून काढा. पडद्यावर जी ओळ येते तिचा फोटो ठेवा. पन्नास अभ्यासिकांच्या वह्या जमल्या की त्या घेऊन बांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. निवेदन कागदावर देऊ, आणि शिक्का मारून घेऊ.